द्वारका चौकातला एक शिपाई

पेठ,
२२ जून १९९८

चि. सौ. सुवर्णा हिला काकाचे आशीर्वाद.

तुझा सत्कार होऊन पंधरा दिवस झाले. घरातले हार आता सुकले असतील, म्हणून लिहायला बसलो. शहर वाहतूक समितीची अध्यक्ष आपल्या घरातली, माझ्या भावाची मुलगी, हे इथे पेठेत माझं निदान वीस जणांना सांगून झालं आहे. टाकळीच्या मळ्यातून तुझी जीप निघाली तेव्हा दादा हवे होते. त्यांच्या जागी मी फेटा बांधून बसलो. तुझ्या दिराने, पुंजाने, तो इतका ढिला बांधला होता की सगळा रस्ताभर एका हाताने सावरत होतो.

पण हे पत्र कौतुकाचं नाही. वाल्मीक भोये हा माझा जुना विद्यार्थी. तुझ्या शहरात वाहतूक शिपाई आहे, तीन वर्षं द्वारका चौकात सकाळची ड्यूटी करतो. ७ जूनला, म्हणजे तुझ्या सत्काराच्याच सकाळी, त्या चौकात तुमच्या शेजारच्या मळ्यातल्या लंकाबाईच्या पायावरून ट्रक गेला. तेव्हा हार उशिरा का आले म्हणून आपण चिडचिड करत होतो, आणि मग कोणीतरी येऊन सांगितलं. त्या वेळी वाल्मीक जागेवर नव्हता. त्याला निलंबित केलं आहे. गैरहजेरी सिद्ध झाली तर नोकरीच जाईल.

काल त्याचे वडील डोंगरावरून चालत आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गुरुजी, तो आपसूक नाय गेला. त्याला सायबानं धाडला." एवढंच बोलले. मुलगा खोटं बोलत नाही, हे माझ्याकडून ऐकायचं होतं त्यांना. मी म्हटलं, नाही बोलत. पाचवीत असताना त्याने शाळेची काच फोडली होती आणि विचारायच्या आधीच येऊन सांगितलं होतं.

तर त्याला त्या सकाळी तिथून कोणी हलवलं, हे तू विचार. वाहतुकीची अध्यक्ष म्हणजे हार घालून घेणारी बाई, असा माझा तरी समज नाही.

पाहुण्यांना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रंगनाथ काका


टाकळी, नाशिक,
१ जुलै १९९८

ती. काकांना सुवर्णाचा नमस्कार.

पत्र मिळालं. हार सुकलेत. सासूबाईंनी त्यांतला झेंडू बियाण्यासाठी काढूनसुद्धा ठेवला, आमच्याकडे काही वाया जात नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे चौकशी केली. नोंदवहीत वाल्मीक भोये, द्वारका, सकाळी सात ते एक असं लिहिलेलं आहे आणि सव्वाआठला, अपघाताच्या वेळी, तो तिथे नव्हता. यापुढे वाहतूक पोलिसांचे साहेब काही सांगत नाहीत. तुम्हाला वाटतं अध्यक्ष म्हणजे शहरातली सगळी चाकं माझ्या सांगण्यावरून फिरतात. आमच्या समितीकडे बसथांबे, रिक्षाथांबे आणि पार्किंगचे पट्टे. पोलीस आमच्या हाताखाली नाहीत. मी फक्त विचारू शकते, आणि विचारलं की चहा येतो.

लंकाबाईला भेटून आले. गुडघ्याखालून पाय काढलाय. बसून फुलं ओवते, बोलते नेहमीसारखीच. मी विचारलं, मावशी, ट्रक दिसला नाही का? तर म्हणाली, "डोक्यावर टोपली असली का मान वळती का बाई? आम्ही गाड्या बघतच नाय. त्या पोलिसाचा हात बघतो. हात वर झाला का निघायचं. त्या दिशी दुसऱ्या कोणाचा तरी हात वर दिसला, रिक्षा थांबवत व्हता तो. मला वाटलं त्याचाच."

रोज मळ्यांतल्या तीस-चाळीस बायका त्याच्या हातावर चौक ओलांडतात, हे मला माहीत नव्हतं. मी स्कूटरवरून जाते.

पुंजा भाऊजी म्हणतात, नवी नवी आहेस, पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस. ते माझे थोरले दीर, निवडणूक त्यांनीच लढवली म्हणायची. तरी मी बघते.

तुमची,
सुवर्णा


पेठ,
९ जुलै १९९८

चि. सौ. सुवर्णा,

परवा वाल्मीक स्वतः आला होता, वडिलांना घेऊन. मी त्याला शाळेत उभं करायचो तसं उभं करून विचारलं. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

पावणेआठला त्याचे हवालदार मोटारसायकलवरून आले. म्हणाले, अध्यक्षबाईंच्या मिरवणुकीला माणूस मागितलाय, अर्ज आलाय, टाकळीच्या वळणावर जा. त्याने विचारलं, इथे कोण? उत्तर आलं, रविवार आहे, तासाभराचं काम आहे. तो गेला. आपल्या वळणावर उभा राहिला. तुझी जीप आली तेव्हा त्याने शिट्टी मारून बैलगाडी बाजूला घेतली. तू त्याला हात जोडलेस असं तो म्हणतो. त्याने मलाही नमस्कार केला. फेटा डोळ्यांवर आलेला होता, मला दिसला नाही.

म्हणजे लंकाबाई चौकात त्याचा हात शोधत होती तेव्हा तो हात तुझ्यासाठी रस्ता मोकळा करायला वळणावर गेला होता. सुवर्णा, हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, पण न लिहून कसं चालेल?

आता हवालदार म्हणतात, आपण असं काही सांगितलंच नाही. अर्जाचं नाव कोणी काढत नाही. तो अर्ज समोर आला तर वाल्मीक सुटतो, नाही आला तर जातो. चौकशीची तारीख वीस ऑगस्ट आहे. तू महासभेत लेखी प्रश्न टाक. अर्ज कोणी केला, तो कोणी मान्य केला, चौक कोणाच्या शब्दावर उघडा पडला. नेत्याला एवढंसुद्धा विचारता येत नसेल तर लोकांनी विचारायचं कुणाला? मला पुंजाचा संशय आहे. घरचा माणूस निघाला तरी नाव घ्यायला कचरू नकोस.

रंगनाथ काका


टाकळी, नाशिक,
२४ जुलै १९९८

ती. काका,

उत्तराला उशीर झाला. पाठोपाठ सभा होत्या.

कागद मिळत नाही. अशा कामांचे अर्ज रोज येतात आणि काम झालं की कोणी सांभाळत नाही. पुंजा भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, बंदोबस्त मागितला असेल कोणीतरी, सगळेच मागतात. यात खोटं काही नाही.

मी एक मार्ग काढलाय. वाल्मीकने चूक मान्य करावी, पाच मिनिटं चहाला गेलो होतो असं लिहून द्यावं. ताकीद देऊन सोडतील. साहेबांशी माझं तसं बोलणं झालंय. नोकरी वाचेल. तुम्हाला हेच हवं होतं ना?

आणि काका, एक सांगते, रागावू नका. प्रत्येक पत्रात तुम्ही मला वर्गात उभं करता. इथे मी एकटी बाई, आजूबाजूला वीस वर्षं राजकारण केलेले लोक. लेखी प्रश्न टाकला की तो माझ्याच मिरवणुकीवर येणार, हे तुम्हाला कळत नसेल असं नाही. समिती मिळून दोन महिने झालेत. टाकळीच्या रस्त्याला बसथांबा मिळवलाय, बायकांना उन्हात उभं राहावं लागत नाही. ते करायलाही मी खुर्चीवर असावं लागतं.

हा विषय आता सोडा, ही विनंती.

सुवर्णा


पेठ,
३० जुलै १९९८

चि. सौ. सुवर्णा,

मुद्दाम उघडं पोस्टकार्ड पाठवतो आहे. पोस्टमनने वाचलं तरी हरकत नाही.

वाल्मीक चहा पीत नाही. लहानपणापासून नाही. जे केलंच नाही ते त्याने लिहून द्यायचं, आणि ज्यांनी केलं त्यांनी गप्प बसायचं, ही तडजोड मी त्याला सांगणार नाही.

कागद मिळत नाही असं तू लिहितेस. शोधला असं कुठेच लिहिलेलं नाहीस. कागद मिळाला आहे का? हो किंवा नाही, एवढं कळव.

रंगनाथ


टाकळी, नाशिक,
४ ऑगस्ट १९९८

ती. काका,

हो.

सहा जुलैलाच मिळाला. साहेबांच्या टेबलावर होता. त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, आपलाच आहे. फाइलला लावू की तुमच्याकडे राहू दे?" मी बघितला आणि पर्समध्ये टाकला. तेव्हापासून तो माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. सरकारी कागद मी घरी आणून लपवला. हे कोणाला सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही.

सोबत झेरॉक्स पाठवते. लेटरहेड माझं आहे, खालची सही माझी आहे. पण ती मजकुरावर केलेली नाही. आमच्याकडे तुम्ही पाहिलं असेल, रहिवासी दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, याला नगरसेविकेचं पत्र लागतं. लोक दिवसभर येतात, मी घरी नसते. म्हणून मी पन्नास-शंभर कोऱ्या लेटरहेडांवर सह्या करून भाऊजींकडे ठेवते. सगळेच नगरसेवक ठेवतात. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं, लोकांचा खेटा वाचतो.

मजकूर वाचा. "रविवार दि. ७ जून रोजी सकाळी ठीक आठ ते दहा या वेळेत द्वारका चौक येथे नेमणुकीस असलेला एक वाहतूक शिपाई टाकळी वळण येथे उपलब्ध करून द्यावा."

अक्षर ओळखलं असेल. पहिलीपासून मी त्याच अक्षराचं वळण गिरवलंय.

सत्काराच्या आधी दोन दिवस तुम्ही पडवीत बसला होतात आणि भाऊजी तुमच्याकडून मंडपाचा, लाउडस्पीकरचा, विजेच्या जोडणीचा अर्ज लिहून घेत होते. मी भाजी निवडत होते. तुम्ही मध्येच चष्मा पुसून म्हणालात, आणखी एक कोरं द्या. तो हा अर्ज.

मी तुम्हाला वाचवत होते, असं म्हणणार होते. खरं तर दोघांना वाचवत होते, स्वतःला आधी. तुमची पत्रं यायची आणि मला एकीकडे लाज वाटायची, दुसरीकडे राग यायचा, की ज्यांनी लिहिलं तेच विचारताहेत. तुम्ही विसरलात की विसरल्यासारखं करताय, तेही कळेना.

आता तुम्ही सांगाल ते करते. वीस तारखेला सोळा दिवस आहेत.

सुवर्णा


पेठ,
१६ ऑगस्ट १९९८

चि. सुवर्णा,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. चार वेळा लिहायला बसलो. काल शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं, निवृत्त गुरुजी म्हणून दोन शब्द बोलायचे होते. पाय दुखतो सांगून गेलो नाही.

विसरलो होतो म्हटलं तर ते निम्मं खरं आहे. मी आयुष्यात किती अर्ज लिहिले याची गणती नाही. पेठ तालुक्यात अडल्या माणसाचा अर्ज मीच लिहितो. हात लिहितो, डोकं तिथे नसतं. पण वाल्मीकने "अर्ज आलाय" म्हटलं तेव्हा मला काहीतरी आठवू लागलं होतं. ते काय, हे मी बघितलं नाही. पुंजावर संशय घेणं सोपं होतं.

पुंजाला बोल लावू नकोस. तो एवढंच म्हणाला होता, "गुरुजी, थोडा बंदोबस्त मागा." मोघम मागितला असता तर कोणी आलंही नसतं. मीच विचारलं, जवळचा पोलीस कुठे उभा असतो? तो म्हणाला द्वारकेला. मी ते नाव घातलं, संख्या घातली, वेळ घातली. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की मोघम अर्ज टोपलीत जातो, कोण, कुठे, किती, केव्हा हे स्पष्ट लिहावं. म्हणून ते काम झालं. त्या चौकात माझाच विद्यार्थी उभा आहे, हेही मला माहीत नव्हतं. मला वाटायचं पोलीस खात्याकडे माणसं असतात, एक मागितला तर एक उरतो. लंकाबाईचा पाय माझ्या सुवाच्य अक्षराने गेला. वाल्मीकच्या वडिलांना मी पाणी दिलं आणि ओट्यावर बसून न्यायाच्या गोष्टी केल्या. मला माझी लाज वाटते.

आता करायचं ते असं. कागद होता तिथे परत ने आणि चौकशीत हजर कर. वीस तारखेला मी पहाटेच्या गाडीने येतो, अक्षर माझं म्हणून साक्ष देतो. महासभेत अर्ज माझ्या नावासकट वाच. आणि वाचून झाल्यावर अध्यक्षपद सोड. खुर्चीत बसून चूक कबूल करणाऱ्या नेत्यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

वाल्मीकच्या घरी मी उद्या जाणार आहे. चढ आहे, सावकाश जाईन.

रंगनाथ काका


टाकळी, नाशिक,
१२ सप्टेंबर १९९८

ती. काकांना सुवर्णाचा नमस्कार.

चौकशीचं तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही समोर होतात. साक्ष देऊन बाहेर आल्यावर तुम्ही जेवायलासुद्धा थांबला नाहीत. निकाल पाच तारखेला लागला. वाल्मीक कामावर रुजू झाला. त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलंय.

काल महासभा झाली. मी उभी राहिले आणि अर्ज वाचला. लेटरहेड माझं, सही माझी, कोऱ्या कागदावर केलेली, अक्षर माझ्या काकांचं, मिरवणूक माझी, आणि हा कागद मी चाळीस दिवस घरात लपवला. सगळं त्याच क्रमाने सांगितलं. आधी हसले लोक. मागून कोणीतरी म्हणालं, बाई, आमच्याही लेटरहेडांचं वाचून दाखवता का? मी राजीनामा महापौरांच्या टेबलावर ठेवला तेव्हा चक्क बाकं वाजवली. विरोधकांनीसुद्धा. आजच्या पेपरात फोटो आहे. घरी फोन येताहेत. भाऊजी बोलत नाहीत माझ्याशी, पण कोरी लेटरहेडं सगळी आणून दिली. मी ती फाडली. खूप दिवसांनी बरं वाटत होतं, काका.

काल संध्याकाळीच लंकाबाईकडे गेले होते. वाटलं, तिला पेपरातून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं. ती ओट्यावर शेवंती ओवत होती. तिला सगळं सांगितलं, तुमचंही. पाया पडले. तिने पाय मागे नाही घेतला, सुई पण नाही थांबवली. ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आता तिथं कोण उभं ऱ्हातं?"

मी म्हटलं, कुठे?

"द्वारकेला. त्या पोराच्या जागी."

उत्तर मग तिनेच दिलं. "कोणीच नाय. जूनपासून कोणीच नाय. आमच्या बाया रोज सांगत्यात. उद्यापासून माझी सून जाणार हाय टोपली घेऊन, मला आता जमत नाय. तू खुर्ची सोडून मोकळी झालीस. मी आता माणूस कोणाकडं मागू?"

काका, मी तुमची सगळी पत्रं काढून वाचली, माझ्या पत्रांच्या नकलाही. त्याला कोणी हलवलं, हे आपण तीन महिने विचारत होतो. तुम्ही शिक्षक, मी वाहतुकीची अध्यक्ष. त्याच्या जागी कोण आहे, हे आपल्या दोघांपैकी एकानेही एकदाही विचारलेलं नाही. निलंबित असला तरी कागदोपत्री ती जागा भरलेली होती, म्हणून बदली माणूस कोणी दिला नाही. आणि आता वाल्मीकला दुसरीकडे पाठवून ती रिकामी झाली, तेही आपण पेढे वाटून साजरं केलं.

आज सकाळी सातला मी चौकात जाऊन उभी राहिले. लंकाबाईची सून आली, मागे आणखी सहा-सात जणी. कडेला थांबल्या. मान न वळवता समोर बघत होत्या, कोणाचा तरी हात वर होईल म्हणून. मी हात वर केला. एक रिक्षा थांबली, बाकीच्या गाड्या थांबल्या नाहीत. एका टेम्पोवाल्याने शिवी दिली. बारा मिनिटं लागली त्यांना पलीकडे जायला.

राजीनामा अजून मंजूर झालेला नाही. सोमवारी महापौरांकडे जाऊन तो मागे घेणार आहे. पेपरवाले काय लिहितील ते मला माहीत आहे, आणि बाकं वाजवणारे काय बोलतील तेही. तुम्ही सांगितल्याच्या उलट करते आहे, तुम्हाला आवडणार नाही. पण त्या खुर्चीतून मला निदान साहेबांच्या समोर जाऊन बसता येतं, आणि या वेळी चहा आला तरी मी माणूस मिळाल्याशिवाय उठणार नाही.

उद्या रविवार. उद्याही सातला मलाच जायचं आहे.

तुमची,
सुवर्णा